हिशेबाच्या वहीतली जुनी यादी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बाळीवेशीतलं भाड्याचं घर सोडून जुळे सोलापुरात राहायला आलो. सामान आवरताना पितळी डब्यांच्या तळाशी घरखर्चाची एक वही निघाली, 1986 सालची. पुढच्या पानांवर दूध, रॉकेल, दळण, मुलांची फी. वही उलटी धरली, तर शेवटच्या पानापासून माझ्याच अक्षरात एक यादी सुरू होत होती: ‘वाचायची पुस्तके’. एकूण 63 नावं. काही सासऱ्यांनी सांगितलेली, काही शाळेतल्या मोठ्या बाईंनी, काही कुठल्याशा व्याख्यानात कानावर पडलेली. वाचून झाल्याची खूण फक्त 19 नावांपुढे होती. उरलेली 44 मी पार विसरून गेले होते.

या 44 पुस्तकांविषयीच लिहायचं आहे.

त्यांतलं एक नाव होतं विभावरी शिरूरकरांच्या ‘बळी’चं. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. ‘कळ्यांचे निःश्वास’मुळे (1933) त्यांचं नाव आजही घेतलं जातं, पण 1950 साली आलेली ‘बळी’ किती जणांनी वाचली असेल, कोण जाणे. तारेच्या कुंपणाआड कोंडलेल्या माणसांची ही कादंबरी आहे. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. पुढे या माणसांना वसाहतींत डांबलं गेलं. रोजची हजेरी आणि बाहेर जायला परवाना, असं ते जिणं. या वसाहतींच्या सरकारी खात्यात मालतीबाईंनी स्वतः नोकरी केली होती, त्यामुळे त्यांनी हे सगळं जवळून पाहिलेलं होतं. कायदा देशभरातून रद्द झाला तो 1952 साली.

अशा वसाहतीला काय म्हणत, हे सोलापूरकरांना सांगायला नको. सेटलमेंट. आपल्या गावात ती होती आणि तिथली माणसं इथल्या गिरण्यांत राबली. कुंपण गेलं, पण वस्तीचं नाव तेच राहिलं. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दर जूनमध्ये पटावर मुलांची नावं चढवताना कितीतरी मुलांच्या पत्त्यापुढे मी ‘सेटलमेंट’ असं लिहिलं. तो शब्द कुठून आला, हे एकदाही मनात आलं नाही. रविवार पेठ, शुक्रवार पेठ, तसंच सेटलमेंट.

‘बळी’ वाचून संपली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाहेर रणरणतं ऊन होतं. मला एक मुलगा आठवला. हजेरी घेताना नाव पुकारलं, की तो दचकून उभा राहायचा. बाकीची मुलं हसायची, मीही एकदोनदा त्याला ‘अरे, घाबरतोस काय?’ म्हणून दटावलं होतं. त्याच्या घरात हजेरी या शब्दाचा काही वेगळा इतिहास असेल का, हे मला ठाऊक नव्हतं आणि आता विचारायलाही तो कुठे भेटणार? हे पुस्तक माझ्या यादीत 1986 पासून होतं. तेव्हाच वाचलं असतं, तर निदान त्या मुलाला दटावलं नसतं. याची रुखरुख मला खरोखर लागून राहिली आहे.

यादीतलं दुसरं नाव गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चं. त्याच्यापुढे कंसात मीच लिहून ठेवलं होतं, ‘वैद्यांची की पोतदारांची?’ या प्रश्नाचा अर्थ आता कुठे लागला. वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते तिथेच होते. त्यांची हकीकत 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापली, पण मूळ मजकुरात फेरफार करून. हस्तलिखिताबरहुकूम छापलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. मी पोतदारांचीच मिळवून वाचली. भूक, भीती, कर्ज आणि घरी परतायची ओढ हे सगळं त्यात इतक्या साध्या बोलीत आलंय, की आपल्या घरातलंच कुणी ओसरीवर बसून सांगतंय असं वाटतं.

आता वाचनालयाविषयी. ‘बळी’ मला आमच्या भागातल्या एका लहान वाचनालयात मिळाली. तिथल्या ताईंनी दाखल नोंदवहीत क्रमांक शोधला, स्टुलावर चढून वरच्या फळीवरून पुस्तक काढलं, धूळ झटकून हातात दिलं. मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 1997 चा होता. ताई म्हणाल्या, ‘‘बाई, बरं झालं नेलंत. वर्षानुवर्षं कुणी नेत नाही, ती पुस्तकं निर्लेखनाच्या यादीत जातात. जागा तरी कुठून आणायची?’’ त्यांचा काही दोष नाही. दोन खोल्यांचं वाचनालय, अनुदान तुटपुंजं, नवी पुस्तकं तर घ्यावीच लागतात. पण निर्लेखन झालं, की ती प्रत रद्दीत जाते. पुनर्मुद्रण न झालेल्या पुस्तकाची गावातली ती एकुलती एक प्रत असू शकते.

म्हणून आता मी महिन्याला एक नवं आणि एक जुनं पुस्तक नेते. जुन्याच्या चिठ्ठीवर चालू सालाचा शिक्का उमटला, की ते आणखी काही वर्षं फळीवर टिकेल. आपल्या वाचकांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल. घरातल्या जुन्या वह्या, डायऱ्या उघडून पाहाव्यात. अशा याद्या अनेकांनी केलेल्या असणार. ज्यांना बाहेर पडणं जमत नाही, त्यांच्यासाठी राज्य मराठी विकास संस्थेने कितीतरी दुर्मिळ ग्रंथ संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. माझ्या नातीने मला ते मोबाइलवर उघडून दिले. अक्षर मोठं करता येतं, हे आमच्या वयाला फार सोयीचं.

आपल्याला एक विनंती. रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांची ओळख येते, ती मी आवडीने वाचते. तिच्याच शेजारी वीस-पंचवीस ओळींची जागा एखाद्या जुन्या पुस्तकाला द्यावी. लिहायला समीक्षकच हवा असं नाही. ज्याने ते पुस्तक नुकतंच वाचलंय, त्या वाचकाने लिहावं. ते सोलापुरात कुठल्या वाचनालयात मिळेल, हेही छापावं. सुरुवात त्र्यं. वि. सरदेशमुखांपासून करता येईल. त्यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ला 2003 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या सोलापूरचा हा एवढा मोठा लेखक, पण माझ्या ओळखीच्या पदवीधर मुलांना त्यांचं नावही माहीत नाही.

आणि शेवटी वाचकांकडे एक चौकशी. यादीतलं 41 वं नाव ओल येऊन पुसलं गेलंय. ‘गिरणी’ एवढाच शब्द लागतो, आणि बाजूला ‘मामंजींनी सांगितलेले’ अशी नोंद आहे. सासरे गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, ते 1991 साली गेले. गिरणी कामगारांच्या आयुष्यावरचं, 1986 च्या आधी छापलेलं आणि नावात ‘गिरणी’ हा शब्द असलेलं पुस्तक कुणाच्या घरी किंवा आठवणीत असेल, तर आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावं. प्रत देणं जमणार नसेल, तर मी घरी येऊन तिथेच बसून वाचेन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर