पाऊस बघायला एवढ्या लांब?

डनेडिन, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आई, तू फोनवर म्हणालीस, "पाऊस बघायला एवढे पैसे? आपल्या चिपळुणात काय कमी पडतो?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही गेलो होतो डाउटफुल साउंडला, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीला, न्यूझीलंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला. तिथवर सलग रस्ता नाही. आधी मानापौरी तळं बोटीने ओलांडायचं, मग बसने 671 मीटर उंचीची विल्मट खिंड चढून उतरायची, की खाली दुसरी बोट उभी. ती बससुद्धा बार्जवर घालून तळ्यापलीकडे नेलेली! बाबा, खिंडीतला रस्ता 1960च्या दशकात केला तो वीजघराच्या सामानासाठी. वीजघर डोंगराच्या पोटात. तळ्याचं पाणी खाली घ्यायचं आणि बोगद्यातून पश्चिमेला समुद्रात सोडायचं. मला लगेच पोफळी आठवली, कोयनेचं पाणी वाशिष्ठीत येतं ते. तुम्ही असतात तर बोट सोडून तिथेच रमला असतात.

सकाळपासून धो धो. मी जाम वैतागले होते. कॅप्टन मात्र खुशीत, म्हणाला, कोरड्या दिवशी इथे मोजके धबधबे, आज शेकडो. खरंच होतं. कडे पाण्यातून सरळ उभे, त्यांना माती अशी नाहीच. पडलेलं पाणी धरून ठेवायला काही नाही. झाडं नुसती शेवाळावर, एकमेकांच्या मुळांना धरून उभी. एक घसरलं की खालची सगळी रांग घेऊन जातं. तसे उघडे पट्टे जागोजागी दिसतात.

समुद्राचं पाणी वरवर चहासारखं तपकिरी! पावसाचं गोडं पाणी जंगलातल्या पाल्यापाचोळ्याचा रंग घेऊन येतं आणि खाऱ्यावर तरंगत राहतं. खाली इतका अंधार, की खोल समुद्रातलं काळं पोवळं इथे कमी खोलीवरच वाढतं. 1770मध्ये कॅप्टन कुक तोंडाशी येऊन परतला. आत शिरलो तर बाहेर पडायला वारा मिळेल की नाही, ही शंका. म्हणून 'डाउटफुल' हे नाव.

मग आतल्या एका फाट्यात इंजिन बंद केलं, सगळ्यांना गप्प बसवलं. चोहोबाजूंनी फक्त पाणी पडण्याचा आवाज. आपल्या पडवीत वीज गेल्यावर येतो तसा, पण इथे पत्रे नाहीत, बेडूक नाहीत. मला रडूच आलं, का कोण जाणे.

चावऱ्या माश्या मात्र भयंकर. माओरी सांगतात, मृत्यूच्या देवीने त्या मुद्दाम सोडल्या, माणसांनी इथे कायमचं राहू नये म्हणून. ओडोमॉस घेऊन ये.

आई, तुझ्या गुडघ्यांसाठी पायऱ्या मोजून ठेवल्यात: बोटीत चढायला सहा, जेवायच्या जागेपर्यंत एकही नाही. कठडे दोन्ही बाजूंना. चहा हवा तेव्हा, फक्त आलं आपलं न्यावं लागेल.

बाबा, तुमचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. फोटो काढून घ्या, फॉर्म मी इथून भरते.

तुमची,
मनू