लेवीय एकोणीस आणि तुझं वर्कशॉप

ठाणे (पूर्व)
रविवार

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त.

पत्र मिळालं. पहाटे उठून तीन अध्याय वाचतोस, आणि रबाळ्याला तुझ्या पत्राकामाच्या वर्कशॉपचं शटर वर गेलं की त्यातलं काहीच हाती उरत नाही, असं लिहिलंस. वर्षात बायबल संपवायचा तक्ता फेब्रुवारीतच रखडला म्हणून मनाला खातंय, असंही. यावर नीट लिहायचं म्हणून आज निवांत बसलो आहे.

आधी हिशोब बघ. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. ३६५ दिवसांत संपवायचे तर रोज सव्वातीन होतात. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, वाचून जानेवारी सरत येतो तेव्हा माणूस तिसऱ्या पुस्तकाला, लेवीयला, पोचतो. तिथे पहिले सात अध्याय अर्पणांचे, मग याजकांचे, मग शुद्ध-अशुद्ध प्राण्यांचे, मग चर्मरोगाचे. बहुतेकांचे तक्ते इथेच बंद पडतात. याचा तुझ्या विश्वासाशी संबंध नाही. वेग जास्त आहे, आणि हे पुस्तक कशासाठी वाचायचं ते वाचणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. खरं दुःख हे की लोक सोडून देतात ते एकोणिसाव्या अध्यायाच्या आधीच. धंदा, शेजार, पगार, वजनमाप यांबद्दल इतका थेट बोलणारा दुसरा अध्याय जुन्या करारात सापडणं कठीण.

सदतीस वचनं आहेत. कापणीला शेताचा कोपरा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायचा (९-१०). मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही (१३). न्याय करताना मोठ्याचं तोंड बघायचं नाही, आणि गरीब म्हणून गरिबाचीही बाजू घ्यायची नाही (१५). चहाड्या करत फिरायचं नाही (१६). मनात द्वेष ठेवायचा नाही, जे असेल ते त्यालाच सांगायचं (१७). शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करायची (१८). तागडी खरी, वजनं खरी (३५-३६). सगळ्यात मोठ्या आज्ञेबद्दल विचारलं तेव्हा येशूने तिच्यासारखीच दुसरी म्हणून जी सांगितली, ती याच अध्यायातली अठराव्या वचनाची.

आता नव्या करारातलं याकोबाचं पत्र शेजारी उघडून ठेव. पाच अध्याय, १०८ वचनं. ते पत्र पानोपानी लेवीय एकोणीसकडे परत येतं. सभेत अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवण्याबद्दल तो दुसऱ्या अध्यायात बोलतो, ते पंधराव्या वचनाचं. भावाविरुद्ध बोलू नका (४:११, म्हणजे चौथा अध्याय, अकरावं वचन), ते सोळाव्याचं. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे (५:४), ते तेराव्याचं. शपथा वाहू नका (५:१२), ते बाराव्याचं, खोट्या शपथेबद्दलचं. म्हणून माझं सांगणं असं, की तक्ता महिनाभर मिटून ठेव आणि फक्त ही दोन ठिकाणं वाच. एका वेळी दहा ते पंधरा वचनं, त्याहून जास्त नाही.

वाचायचं कसं तेही लिहितो. पहिल्यांदा मोठ्याने वाच. दुसऱ्यांदा मनात, आणि प्रश्न विचार: कोण कुणाला सांगतो आहे? आधी काय झालंय, पुढे काय येतंय? यात करायला सांगितलेलं नेमकं काय? मग खिशातल्या डायरीत एकच ओळ लिही. तीत तीन गोष्टी हव्यात: वचनाचा क्रमांक, एका माणसाचं नाव, आणि आज संध्याकाळपर्यंतचं एक काम. 'सगळ्यांशी प्रेमाने वागेन' असं लिहिलंस की काहीच होत नाही, कारण ते झालं की नाही हे संध्याकाळी तपासता येत नाही. 'याकोब १:१९. वेल्डरचं पूर्ण ऐकल्याशिवाय बोलायचं नाही' हे तपासता येतं. रात्री दोन मिनिटं डायरी उघड. झालं तर टिक, नाही झालं तर का नाही ते चार शब्दांत. तीन दिवस ओळीने एकच माणूस राहून जात असेल, तर प्रार्थना त्याच्याविषयी करायची आहे हे समज.

फोनवर वाचत असशील तर एक सांगतो. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर येणारं एकटं वचन ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे. तुझ्या हॉलमध्ये यिर्मया २९:११ लावलंय, भविष्याची आणि आशेची खात्री देणारं. ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्र गेलं होतं बाबेलला धरून नेलेल्या लोकांना. आधीच्याच वचनात देव सांगतो की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कित्येक तिथेच मरणार होते. आणि त्याआधी, पाच ते सातमध्ये, हुकूम आहे: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आणून ठेवलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून येऊन ऐरोलीत घर घेतलेल्या तुला अकरावं वचन जितकं लागू, तितकंच सातवं. सेक्टरमधली नालेसफाई, महापालिकेच्या शाळेत येणारी नाक्यावरच्या मजुरांची मुलं, गावठाणातल्या मूळ माणसांचे जुने प्रश्न, हे सगळं 'नगराचं हित' आहे. फ्रेम काढू नकोस. तिच्याखाली पाच ते सात लिहून चिकटव.

आता तुझ्या धंद्याचं, कारण मला सगळ्यात जास्त याचीच काळजी आहे. पार्टीचं पेमेंट आलं नाही म्हणून पोरांचे पगार पुढे गेले, असं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंस. ती ओळ खरं तर पत्राच्या सुरुवातीला हवी होती. मासिक पगारासाठी कायदा पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मुदत देतो. शास्त्र रोजंदारीच्या माणसाबद्दल बोलताना सूर्यास्त म्हणतं, आणि अनुवाद २४:१५ कारणही देतं: तो गरीब आहे, त्याचं सगळं लक्ष त्या पैशाकडे लागलेलं असतं. मोठी कंपनी तुला पंचेचाळीस दिवस थांबवते हा तुझ्यावरचा अन्याय आहे. पण तो तसाच पुढे हेल्परवर ढकललास, तर याकोब ५:४ तुझ्याविषयी बोलतं.

उपाय साधा आहे, पण सुरुवातीला दुखतो. बँकेत पगारासाठी वेगळं खातं काढ. जे बिल जमा होईल त्यातून आधी मजुरीचा वाटा तिकडे वळव, मग पत्रा आणि गॅसवाल्याचे पैसे, मग तुझं घर. एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम साठेपर्यंत नवीन मशीनचा विचार नको. यात एकच गोष्ट चुकते आणि हमखास चुकते: त्या खात्यातून 'फक्त आठ दिवसांसाठी' पैसे काढले जातात. म्हणून त्याचं चेकबुक वहिनींकडे दे आणि त्या खात्याचं यूपीआय फोनवर चालू करूच नकोस. उचल दिलेली असेल तर ती वहीत लिहून त्या माणसाची सही घे आणि किती हप्त्यांत कापणार ते तेव्हाच ठरव. पगाराच्या दिवशी अचानक कापलेली उचल हीसुद्धा अडवलेली मजुरीच.

तागडीचं वचन तुझ्याकडे पत्र्याच्या जाडीत उतरतं. स्टीलचा १ मिमी पत्रा एका चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. २ मिमीचा १५.७ किलो, १.६ मिमीचा साधारण १२.५६. बिलात दोन लिहून एक पॉइंट सहा लावला, तर प्रत्येक चौरस मीटरमागे तीन किलोहून जास्त लोखंड तू गिऱ्हाइकाचं ठेवून घेतलंस. रंग लागल्यावर ते कुणाला दिसत नाही. पण लेवीयमधलं ते वचन न दिसणाऱ्या मापांसाठीच आहे. कोटेशनमध्ये जाडी आणि वजन दोन्ही लिही, आणि गिऱ्हाईक स्वस्त मागत असेल तर पातळ पत्र्याचा दर पातळ पत्रा म्हणूनच दे. काही कामं जातील. ती जाऊ देत.

दशमांशाबद्दल, म्हणजे देवासाठी काढायच्या मिळकतीच्या दहाव्या भागाबद्दल, विचारलंस. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १६:२) प्रेषित पौलाची पद्धत स्पष्ट आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, मिळालेल्या प्रमाणात, बाजूला काढून ठेवायचं. तुझी मिळकत कमी-जास्त होते, म्हणून महिन्याचा ठोक आकडा धरू नकोस. आठवड्याला घरात जे आलं त्यातून काढ. मात्र पोरांचा पगार थकलेला असताना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मोठं पाकीट टाकू नकोस. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय सोडणाऱ्यांना येशू मत्तय २३:२३ मध्ये काय म्हणाला ते वाच.

सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या गळतीचं भांडण आहे, आणि तू खजिनदार म्हणून मध्ये अडकलास. मत्तय १८:१५-१७ इथे कामाला येतं, पण जपून. आधी एकट्याने जाऊन दोघांतच बोलायचं. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर न्यायचं. तिसरी पायरी मंडळीची आहे, ती विश्वासातल्या भावासाठी. सोसायटीतल्या शेजाऱ्याला ती लावता येत नाही. पहिली मात्र कुणालाही लागू पडते, आणि नेमकी तीच आपण गाळतो. ग्रुपवर छताचा फोटो टाकला की समोरचा सगळ्यांदेखत अडतो आणि मग त्याला मागे येता येत नाही. बेल वाजवून जा, संध्याकाळी सातनंतर, रिकाम्या हाताने नको, आणि आधी त्याचं ऐक. बरोबर न्यायचे दोघे तुझ्याच बाजूचे नकोत. दोघांचं म्हणणं ऐकून नंतर खरं सांगतील असे हवेत. 'जेथे दोघे किंवा तिघे' येशूच्या नावाने जमतात तिथे तो असतो, हे आपण लहान प्रार्थनासभेत म्हणतो ते वचन याच परिच्छेदाचा शेवट आहे. तू भांडण मिटवायला जातोस तेव्हाही ते तुझ्याबरोबर येतं.

गणपतीचा प्रसाद आणि वर्गणी, हा प्रश्न तू थोडा घाबरत विचारलास. मोकळेपणाने सांगतो. १ करिंथ ८ ते १० आणि रोमकरांस १४, हे चारही अध्याय एका बैठकीत वाच. त्यातलं एकच वचन उचललं की माणूस एकतर बेफिकीर होतो किंवा कठोर. मूर्ती काही नाही, हे पौल सांगतो (८:४). बाजारात मिळतं ते विवेकासाठी चौकशी न करता खा, हेही सांगतो (१०:२५). पण कुणी 'हे अर्पण केलेलं आहे' म्हणून सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नको, असंही तो लगेच म्हणतो (१०:२८). प्रसाद देणारा तेच सांगून देतो, म्हणून मला तो न खाणं बरोबर वाटतं. खाणाऱ्या भावाला तुच्छ मानायचा अधिकार मात्र रोमकरांस १४ मला देत नाही. तुम्ही घरात बसून, मुलांना घेऊन, सणाच्या आधीच ठरवा. दारात ताट आल्यावर ठरवू नका. आणि नाही म्हणायचं तर दानीएलासारखं म्हणा. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात राजाचं अन्न नको म्हणताना तो विनंती करतो, पर्याय सुचवतो, दहा दिवसांची मुदत मागतो, कुणाचा अपमान करत नाही. 'काकू, आमच्या विश्वासात आम्ही हे घेत नाही, पण तुमच्याकडे जेवायला केव्हाही येऊ' एवढं वाक्य हसून म्हटलं की पुरे. वर्गणीच्या ऐवजी पाण्याचे कॅन, प्रथमोपचाराची पेटी, विसर्जनाच्या दिवशी म्हाताऱ्यांना घरी पोचवायला गाडी, हे आधीच सांगून दे. मग कुणी कारण विचारलं तर १ पेत्र ३:१५ सांगतं तसं उत्तर दे, सौम्यतेने आणि आदराने. विचारल्याशिवाय प्रवचन नको.

पाठांतराचं थोडक्यात. याकोब आठवड्याला पाच वचनं धरलीस तर बावीस आठवड्यांत पूर्ण होतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये डोळे मिटून म्हण. मागच्या आठवड्याची आधी, नवीन नंतर. उलटं केलं की जुनी निसटतात. स्तोत्रांसाठी तारखेचा हिशोब सोपा: सात तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. अशी महिन्यात दीडशे होतात. एकोणतीस तारखेला ११९ वं येतं. त्याची १७६ वचनं एका दिवसात उरकू नकोस, आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत, ते वेगळे घे. आणि गाऊन पाठ होतं ते जास्त टिकतं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली, ती आपल्या आज्यांना न वाचता येत असूनही तोंडपाठ होती. मुलांना रात्रीच्या उपासनेत निदान एक तरी अभंग शिकव. उपासना बारा मिनिटांपेक्षा लांबवू नकोस. धाकटा झोपेला आला की मोठ्यांची प्रार्थना त्याला शिक्षा वाटते.

पुढच्या रविवारी मेगाब्लॉक नसेल तर संध्याकाळच्या उपासनेला इकडे या, जेवूनच जा. डायरी आण. कोणत्या नावापुढे टिक होत नाही ते दोघे मिळून बघू आणि त्या माणसासाठी प्रार्थना करू. पगाराचं खातं मात्र त्याआधी, या सोमवारीच काढ.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

ख्रिस्तात तुझाच,
मित्र