काका, तुम्ही उसने दिलेले दोन उन्हाळे

व्हरमाँट, अमेरिका, ऑक्टोबरअखेर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

परवा रात्री घरात यंदाचा पहिला जाळ केला. बाहेर पारा शून्याखाली गेला होता, मेपलची पानं झडून गेली होती, आणि आम्ही स्वतः फोडलेलं, स्वतः रचलेलं, आमच्याच अंगणात सुकलेलं लाकूड पहिल्यांदा पेटवलं. म्हणून हे पत्र. फोनवर आभार मानले तर तुम्ही 'अगं, त्यात काय एवढं' म्हणणार आणि लगेच काकूंच्या गुडघ्याचा विषय काढणार, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे सगळ्यांदेखत, लेखी लिहिते आहे. शिवाय थंड मुलुखात नव्यानं घर घेणारी आपली माणसं वाढताहेत. तुम्ही आम्हाला जे दिलंत ते त्यांनाही वाचायला मिळावं.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तळघरात घर तापवणारी, तेलावर चालणारी भट्टी होती आणि बैठकीच्या खोलीत हा ओतीव लोखंडाचा वुड स्टोव्ह, म्हणजे घराला ऊब देणारी लाकडाची बंद शेगडी. स्टोव्हसाठी दोन कॉर्ड लाकूड मागवलं. (चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट.) विकणाऱ्यानं 'पूर्ण सुकलेलं आहे' म्हणून पैसे घेतले आणि ट्रक ओतून गेला. तुम्ही त्या संध्याकाळी मेथीची जुडी द्यायला आला होता. ढिगाकडे नुसतं पाहिलंत, दोन फाटी उचलून एकमेकांवर आपटलीत आणि म्हणालात, 'ऐक.' बद्द असा आवाज आला. मग गाडीतून तुमचं एक फाटं आणून तसंच आपटलंत, तर टणकन वाजलं. तेवढ्यावर थांबला नाहीत. कुऱ्हाडीनं आमचं एक लाकूड उभं चिरलंत आणि आतल्या ताज्या भागावर ओलावा मोजायच्या यंत्राचे दोन खिळे दाबलेत. बाहेरून कोरडं दिसणारं ते लाकूड आत तीस टक्क्यांच्या वर होतं. जाळायला वीसच्या खाली हवं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

आणि मग तुम्ही जे केलंत ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही, कारण सांगताना गळा दाटतो. शनिवारी तुमच्या पिकअपमधून तुमचं सुकं शुगर मेपल आमच्या पडवीत आलं आणि आमचं ओलं लाकूड तुमच्या अंगणात गेलं. 'उसनं समज,' म्हणालात. 'माझ्याकडे जागा आहे, ते तिथे सुकेल. तुम्हाला मात्र हिवाळा आत्ता काढायचाय.' मला तेव्हा वाटलं की लाकडाच्या बदल्यात लाकूड गेलं. पुढे स्वतः रास रचून वाट पाहायची वेळ आली तेव्हा हिशेब कळला. ते मेपल तुमच्या उतारावर दोन उन्हाळे वारा खात पडलं होतं. तुम्ही आम्हाला लाकूड नाही, दोन उन्हाळे दिले होते. ते विकत कुठे मिळणार?

ओलं लाकूड जळतं, पण त्याची बरीच ताकद स्वतःतलं पाणी उकळण्यात जाते, ही तुमची शिकवण. त्याचा गार, दमट धूर चिमणीत चढताना साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली उतरला की आतल्या भिंतींवर काळा, चिकट थर धरतो, क्रिओसोट. तो थर पेटला की चिमणीच पेटते. इथले लोक पाईनला नावं ठेवतात, पाईन जाळलं की चिमणी खराब होते म्हणतात. तुम्ही मला ठामपणे सांगितलंत की दोष पाईनचा नाही, ओलाव्याचा आहे. खडखडीत सुकलेलं पाईन ऑक्टोबरच्या छोट्या जाळाला उत्तम. अगदी खरं आहे. आता मी भेटेल त्याला हे सांगते.

काका, पहिल्या जाळांची मजा तुम्ही नसतात तर आम्हाला कळलीच नसती. जानेवारीत चिमणी स्वतःहून धूर ओढते, कारण आतबाहेरच्या तापमानात प्रचंड फरक असतो. ऑक्टोबरात बाहेर धड थंडी नाही, चिमणीत मात्र गार हवेचा दट्ट्या बसलेला, अशी स्थिती. काडी लावली की धूर खोलीत उलटतो आणि नवखा माणूस घाबरतो. तुम्ही वर्तमानपत्राचा एक कागद सैलसर चुरगाळून स्टोव्हच्या वरच्या अंगाला, नळीच्या तोंडाशी पेटवायला शिकवलंत. मिनिटभरात 'हूऽऽ' असा आवाज येतो आणि चिमणी श्वास घ्यायला लागते. तो आवाज मला आता फार आवडतो. वर्षभर निपचित पडलेलं घर त्या क्षणी जागं झाल्यासारखं वाटतं.

रचनाही तुमचीच, उलटी. जाड फाटी तळाला, त्यावर बारीक, त्यावर ढलप्या, आणि अगदी माथ्यावर बर्च झाडाच्या सालीचा तुकडा. जाळ वरून खाली उतरतो. बर्चची साल पाऊस लागलेली असली तरी तेल असल्यासारखी पेटते, तडतडत, काळा धूर सोडत, कडेनं वळत जाते. मग ढलप्या धरतात. दहा मिनिटांत काचेमागे पिवळा जाळ उभा राहतो, लोखंड तापताना टिकटिक वाजायला लागतं, साचलेली धूळ जळल्याचा वास येतो. त्या पहिल्या दिवशी खिडकी बोटभर उघडी ठेवायची हेही तुमचंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑक्टोबरात स्टोव्ह भरून, हवा बंद करून रात्रभर धुमसत ठेवायचा नाही. तीनचार बारीक फाटी, भरपूर हवा, तासभर रसरशीत जाळ, मग विझू द्यायचा. लोखंड ती ऊब झोपेपर्यंत सोडत राहतं. नव्या लोकांना वाटतं, मोठी आग म्हणजे जास्त ऊब. या दिवसांत तरी तसं नसतं.

यंदा आई कोल्हापूरहून आली आहे. तिचं अर्धं आयुष्य चुलीपुढे आणि बंबापुढे गेलं, फुंकणी फुंकून डोळे लाल व्हायचे हे मी पाहिलंय. परवा ती स्टोव्हपुढे बसली, थोडा वेळ काचेतून आत बघत राहिली आणि म्हणाली, 'धूर कुठाय?' मी तिला बाहेर नेलं. चिमणीवर हवा नुसती थरथरत होती, धूर जवळजवळ नव्हताच. मग तुम्ही मला सांगितलं होतंत तेच मी तिला सांगितलं. धूर म्हणजे न जळलेलं सरपण. आत वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या नळ्या आहेत, त्यांतून तापलेली हवा येते आणि धुरालाच पेटवते. म्हणून लाकडाच्या वरती, कशालाच न टेकलेल्या निळसर ज्वाळा नाचताना दिसतात. अमेरिकेत २०२० पासून नव्या स्टोव्हना तासाला दोन-अडीच ग्रॅमपेक्षा जास्त धुराचे सूक्ष्म कण सोडायची मुभाच नाही. आई गप्प झाली. मग म्हणाली, 'आमच्या वेळी असलं काही असतं तर.' काका, ते वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचवायचं होतं. तिला चांगला जाळ दाखवता आला तो तुमच्यामुळे.

तुम्ही इथे आलात तो काळ तेलाच्या टंचाईचा. १९७३ नंतर व्हरमाँटमध्ये घरोघर पुन्हा लाकूड जळू लागलं, आणि १९७५ मध्ये रँडॉल्फ गावात व्हरमाँट कास्टिंग्ज ही स्टोव्ह बनवणारी कंपनी सुरू झाली. तुमच्या दिवाणखान्यातला स्टोव्ह त्यांचाच. तुम्हाला शिकवायला इथे मराठी कुणी नव्हतं. वरच्या फार्मवरच्या म्हातारबांनी तुम्हाला कुऱ्हाड धरायला शिकवलं, असं काकू सांगतात. त्यांचेही आभार तुमच्यामार्फत.

यंदा आम्ही जाळतोय ते लाकूड तुमच्या बांधावरच्या ॲश नावाच्या झाडांचं. ॲश पोखरणारा तो हिरवा किडा २०१८ मध्ये या राज्यात सापडला, आणि तुमची झाडं वाचणार नाहीत हे कळल्यावर तुम्ही ती उभी कुजू न देता पाडलीत. लाकूड लांब न्यायचं नाही, नाहीतर किडाही जातो, म्हणून ते चढ चढून आमच्याकडेच आलं. फळ्यांवर, जमिनीपासून वर, एकेरी ओळीत, वाऱ्याच्या तोंडी रचलं. ताडपत्री फक्त माथ्यावर. परवा एक फाटं चिरून खिळे दाबले तर सतरा टक्के. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघून हसत सुटलो. ढलप्या करताना ॲश कसं सरळ रेषेत उकलतं! एका घावात दोन शकलं, दुधासारखी पांढरी.

बाकी तुमचे सगळे नियम पाळतोय. सप्टेंबरात चिमणी झाडून घेतली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासला. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब, दगडावर, कारण राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. पूर्ण थंड झाली की थोडी थोडी वाफ्यांना. इथली माती आंबट, तिला ती मानवते.

काकूंनी सांगितलं की यंदा तुमचा खांदा धरलाय आणि अंगणात लाकडाचा ढीग तसाच पडून आहे. पुढच्या वर्षासाठीचं आहे ना? मग आत्ताच रचायला हवं, बर्फ पडला की खालचे थर मातीला चिकटतील. शनिवारी सकाळी आम्ही दोघं येतो. फळ्या, ताडपत्री आमच्याकडे आहेत, आई काकूंसाठी कटाच्या आमटीचा डबा देणार आहे. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि ओळ कुठून सुरू करायची तेवढं दाखवा. आणि त्यावर पुन्हा 'अगं, त्यात काय' म्हणू नका.

काकूंना सा. न.

तुमची,
चढावरच्या घरातली