मोहरीचा पाला कापायच्या आधी थोडं थांबा

संपादक साहेब, नमस्कार,

पालेभाज्यांच्या रेसिपीत मोहरीचा पाला, मुळ्याचा पाला सगळं पालकासारखंच शिजवायला सांगतात, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, या पानांचा तिखटपणा मिरचीसारखा आयता नसतो, पान कापलं किंवा चावलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तेव्हा तो झणका तयार होतो, जो जिभेपेक्षा नाकातच जास्त जातो. त्यातलं एक द्रव्य एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) असतं, ते उष्णतेने निकामी होतं. म्हणजे अख्खी पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून मग चिरली तर भाजी सौम्य, आणि कच्चीच बारीक चिरून दहा मिनिटं ठेवली तर डोळ्यात पाणी! मी एकदा कोवळी समजून जून पानं कच्ची सॅलडमध्ये घातली, पाहुणे बिचारे पाणी पीत बसले. कडवटपणा मात्र वेगळा हां, तो शिजवून पूर्ण जात नाही, मीठ जरा नीट घातलं की दबतो. अरुगुला (मोहरीच्याच कुळातली सॅलडची तिखट पानं) तर मी झणका टिकावा म्हणून गॅस बंद केल्यावरच टाकते.

आपली,
एक नियमित वाचक