केमोचा एक दिवस आणि घरचे वीस दिवस : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात कर्करुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी मदत कक्ष सुरू करण्याबाबत

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

केमोथेरपीची एक फेरी बहुतेकदा २१ दिवसांची असते. त्यातला एक दिवस, फार तर दोन-तीन, रुग्ण हॉस्पिटलात असतो. त्या दिवसाची सोय राज्याने बऱ्यापैकी केली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, योजनेत सामील (अंगीकृत) रुग्णालयात कागदपत्रांना मदत करणारा आरोग्यमित्र बसतो. उरलेले वीस दिवस रुग्ण घरी असतो. ताप तेव्हाच येतो, नाकातली नळी तेव्हाच निघते, दुखणे रात्री दोन वाजता तेव्हाच असह्य होते. या दिवसांना वाली नाही. पत्र त्यांच्याबद्दल आहे.

तापापासून सुरुवात करतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की ती तातडीची केस : ताबडतोब सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि शिरेतून पहिले अँटिबायोटिक तासाभराच्या आत. प्रत्यक्षात घरचे पॅरासिटामॉल देतात, ताप उतरतो, सगळे निर्धास्त होतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढतो. गावातले डॉक्टर ‘तुमच्या कॅन्सरवाल्या डॉक्टरांनाच दाखवा’ म्हणून हात लावत नाहीत आणि दोनशे किलोमीटरचा प्रवास सुरू होतो. वाटेत रक्तदाब पडून माणूस गेला की गावात बोलले जाते, केमोने मारले. पुढचा रुग्ण मग केमोलाच नको म्हणतो.

यावर एक कार्ड पुरेसे आहे. त्यावर औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख, उपचार करणाऱ्या युनिटचा फोन आणि मराठीत व इंग्रजीत एकच सूचना : इतका ताप असेल तर थांबू नका, पहिला डोस इथेच द्या, मग पाठवा. ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागाला हे कार्ड पाळण्याचा लेखी आदेश हवा, नाहीतर ते नुसते छापून होईल. आणि पहिल्या केमोच्या वेळी कार्डासोबत थर्मामीटर द्या. बहुतेक घरांत तो नसतो. कपाळाला हात लावून ताप ठरवला जातो.

पुढची बाब शुश्रूषेची. ही कामे लहान आहेत आणि त्यांच्यासाठीच लोक सर्वांत जास्त फरफटतात. दंडातून शिरेत घातलेली पिक लाइन (औषधे देण्याची बारीक नळी) आठवड्यातून एकदा धुवावी लागते. दहा मिलीचीच सिरिंज घ्यायची, कारण लहान सिरिंजने दाब जास्त येतो आणि लाइन फाटू शकते. दहा मिली सलाइन थांबत-थांबत ढकलायचे, ड्रेसिंग बदलायचे, बाहेर राहिलेली नळी मोजून लिहायची. शिकलेल्या परिचारिकेचे हे अर्ध्या तासाच्या आतले काम आहे. तेवढ्यासाठी रुग्ण आणि सोबतचा एक जण मजुरी बुडवून शहर गाठतात.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी अन्नाची नळी, असते. बसवून, एका वेळी दोनशे मिलीच्या आसपास, दोन-तीन तासांनी भरवायचे. नंतर तीस ते पन्नास मिली पाणी. मग अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. नळी तुंबते ती दोन कारणांनी : गोळ्या जाडसर कुटलेल्या असतात, किंवा आंबील-वरण गाळलेले नसते. तुंबलेल्या नळीत कोमट पाणी हळू ढकलून पाहायचे, तार घालायची नाही (ती घातली जाते, म्हणून लिहितो). नळी निघालीच तर नवी घालणे ग्रामीण रुग्णालयात जमायला हवे, फक्त शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आधी सर्जनला फोन, कारण टाक्यांवरून नळी आंधळेपणाने ढकलणे धोक्याचे असते. हा फरक कर्मचाऱ्यांना कोणी सांगितलेला नसतो. म्हणून काही ठिकाणी सगळ्यांनाच परत पाठवतात, काही ठिकाणी कुणालाही नळी घालतात.

पोटावर स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेले तोंड) असलेल्यांचे हाल वेगळे. बॅगेच्या, कातडीला चिकटणाऱ्या चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायचे असते. जास्त कापले की मल कातडीला लागून ती सोलवटते, कमी कापले की स्टोमाला इजा होते. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने चकती सुटते. हे शिकवले तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये बॅग मिळत नाही. लोक कॅरीबॅग बांधतात, कापडाच्या घड्या ठेवतात, आणि मग लग्नाकार्याला, एसटीत, मंदिरात जाणे बंद करतात. जिल्हा रुग्णालयांच्या खरेदी यादीत स्टोमा बॅग, चकती, बॅरियर पेस्ट आणि राईल्स ट्यूब कायमस्वरूपी घाला, आणि वाटप तालुक्यातून करा.

आता दुखणे. या पत्रातली आमची सर्वांत आग्रहाची मागणी हीच आहे.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. गुंगीकारक औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ठरली आणि अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, कुलूपबंद कपाट, साठ्याची नोंदवही आणि वर्षाच्या गरजेचा अंदाज. कोणत्याही उपजिल्हा रुग्णालयाला न जमण्यासारखे यात काही नाही. कायदा बदलून दहा वर्षे उलटली तरी तालुक्यात मॉर्फिनचे नाव काढले की डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघेही दचकतात. मग रुग्ण डायक्लोफेनॅकसारख्या साध्या वेदनाशामकावर राहतो, पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात आणि दुखणे तिथेच.

हिशेब साधा आहे. दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी म्हणजे दिवसाला सहा, चार आठवड्यांना १६८. एवढ्या गोळ्यांसाठी दर महिन्याला खाटेवरच्या माणसाच्या घरच्यांनी महानगर गाठायचे, अशी आजची व्यवस्था आहे. मात्र गोळी मिळाली की काम झाले असेही नाही. घरचे ती ‘लागेल तेव्हा’ देतात. दुखणे शिगेला पोचल्यावर दिलेली गोळी अपुरी पडते. ती घड्याळावर द्यायची, आणि मध्येच दुखले तर जादा डोस किती हे आधीच लिहून ठेवायचे. पहिल्या दिवसापासून रेचक सोबत हवेच, कारण मॉर्फिनचा बद्धकोष्ठ आपोआप सुटत नाही. मळमळ आणि गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते. नेमक्या त्याच दिवसांत घाबरून गोळी बंद केली जाते. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने एक फोन केला तर ती चालू राहते. व्यसन लागेल, माणूस लवकर जाईल, या दोन्ही शंका विचारल्या जाण्याची वाट न पाहता परिचारिकेनेच दूर कराव्यात.

केरळने परिहार सेवेचे (दुखणे व त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, पॅलिएटिव्ह केअरचे) राज्य धोरण २००८ साली केले आणि घरभेटींचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिले. आपल्याकडे अनुभव नाही असे नाही. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून. पण दोन्ही शहरांत. गेवराई, धारणी किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला त्यांचा उपयोग नाही.

पैशांच्या बाबतीत एक विसंगती आपण स्वतः मंत्रिमंडळात मांडावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करुग्ण पात्र आहे, महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यावर राहणारे कुटुंब खऱ्याखुऱ्या दाखल्यानिशी कोण दाखवेल? धर्मादाय रुग्णालयात मोफत खाटेसाठी हेच राज्य १ लाख ८० हजारांपर्यंतच्या कुटुंबाला निर्धन मानते. एकच घर एका टेबलावर निर्धन आणि दुसऱ्या टेबलावर सुखवस्तू.

बाकी कागदांचे अडथळे किरकोळ असतात, पण वेळ खातात. रेशनकार्डावर ‘शेवंताबाई’ आणि आधारवर ‘शेवंता’ असले की योजनेची मंजुरी अडते. ही दुरुस्ती बायोप्सीचा रिपोर्ट येण्याची वाट पाहत असतानाच तहसीलमध्ये करून घ्यायला हवी. रेल्वेत कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडे माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, आणि ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे हे कोणी सांगत नाही. स्वरयंत्र काढलेल्या व्यक्तीला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली वाचादोषाचे प्रमाणपत्र मिळू शकते, हेही फार थोड्यांना माहीत असते.

मुंबईत राहण्याचेही तसेच. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे चालते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशी ठिकाणे आहेत. निघण्याआधी फोन, फाइलची प्रत, आधार आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी, एवढे तालुक्यातून जमवता येते. त्याहून बरे म्हणजे बार्शी, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला हेच उपचार होऊ शकतात का हे आधी विचारणे.

आणि मन. समुपदेशक नेमला, वेगळी खोली दिली, बाहेर ‘कॅन्सर समुपदेशन’ अशी पाटी लावली की तिथे कोणी जात नाही, बायका तर नाहीच. स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर सासरी लपवणाऱ्या बाईला ती पाटी परवडत नाही. म्हणून पाटीवर नुसते ‘मदत कक्ष’ असावे. सर्वांत जास्त धीर देतो तो त्याच अवयवाच्या कॅन्सरमधून बरा झालेला, त्याच बोलीत बोलणारा माणूस. जबडा काढल्यावर चार महिन्यांनी काय खाता येते हे डॉक्टरपेक्षा तो नीट सांगतो. असे स्वयंसेवक निवडताना उपचार संपून किमान वर्ष झालेले घ्यावेत, आणि त्यांनी औषधे व जडीबुटी सुचवायची नाही ही अट लेखी असावी. गटाची बैठक केमोच्याच दिवशी, तिथेच घ्यावी. वेगळ्या दिवशी भाडे खर्चून कोणी येत नाही.

घरचे ‘बाबांना सांगू नका’ म्हणतात तेव्हा काय करायचे, हे समुपदेशकाला शिकवावे लागते. घरच्यांशी भांडायचे नाही, रुग्णाशी खोटेही बोलायचे नाही. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ असे त्यालाच विचारायचे. बहुतेकांना अंदाज आलेला असतो. सांभाळणाऱ्या बाईशी दहा मिनिटे वेगळे बोलावे, रुग्णासमोर ती ‘सगळं बरंय’ एवढेच म्हणते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तिथल्या समुपदेशकांना कॅन्सरविषयी थोडे प्रशिक्षण दिले तर रात्रीची सोय जवळजवळ फुकट होईल.

या मदत कक्षासाठी नवी इमारत नको. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात परिचारिका आणि समुपदेशक ही पदे आहेत. ती भरा, आणि आठवड्यातले दोन दिवस या कक्षाला द्या. पिक लाइन, राईल्स ट्यूब, स्टोमा आणि वेदनेची नोंद यांचे प्रशिक्षण प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात द्या, आणि प्रशिक्षित परिचारिकेची तीन वर्षे बदली करू नका. हे शेवटचे कलम गाळले तर बाकीचे करू नका, पैसे वाया जातील. जिल्ह्यातून कोणावर उपचार सुरू झाले त्याची यादी दर आठवड्याला उपचार केंद्राकडून कक्षाकडे आली पाहिजे. रुग्ण आपणहून येईल असे धरू नये. घरभेटीची पहिली कडी आशाताई, पण त्यासाठी त्यांना स्वतंत्र मोबदला ठरवा.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे (केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाण्याची सोय) जाहीर झाली आहेत. केमो जिल्ह्यात आली की घरी तापणारे रुग्णही जिल्ह्यातच वाढतील. म्हणून डे-केअर केंद्र उघडेल त्या जिल्ह्यात त्याच दिवशी तालुक्यांचे कक्षही उघडावेत, आणि प्रत्येक जिल्ह्यातली मॉर्फिनची मान्यता असलेली रुग्णालये कोणती, तिथे आज साठा आहे का, याची यादी विभागाच्या संकेतस्थळावर दरमहा टाकावी. पहिली यादी कोणत्या महिन्यात येईल, तेवढे लेखी कळवावे ही विनंती.

आपले,
कर्करुग्णांसोबत काम करणाऱ्या परिचारिका, समाजसेवक आणि स्वयंसेवक