जामीनपत्रातला ‘सेव्हरली’

संपादक महोदय,

३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहताना ‘जॉइंटली अँड सेव्हरली’खाली न वाचता सही ठोकली. ‘जॉइंटली’ म्हणजे मिळून. ‘सेव्हरली’ म्हणजे एकेकट्याने. थोडक्यात, सगळी थकबाकी एकट्या माझ्याकडूनही मागता येते. मागितलीच! ‘म्युच्युअली’चं वेगळं, त्यात देणं-घेणं दोन्हीकडून हवं. ‘त्याने परस्पर जमीन विकली’ याचं इंग्रजी करताना मुलं हमखास ‘म्युच्युअली’ घालायची आणि मी लाल रेघ मारायचो. आपला ‘परस्पर’ एकमेकांतलाही आणि पाठीमागचाही. मेहुण्याने हप्ते परस्पर थांबवले, तेव्हा मला दुसरा अर्थ पुरता कळला. जामीनपत्रात त्या दोन शब्दांखाली मराठी अर्थ छापायला किती शाई लागते?

– एक निवृत्त शिक्षक, कऱ्हाड