‘विघटनशील’ म्हणजे नेमके काय?

महोदय,
किनाऱ्यावरील शॅक्समध्ये ‘विघटनशील’ चमचे-पेले सक्तीचे करावेत, ही आपल्या अंकातील लेखाची सूचना वाचली. हेतू योग्य, पण या एका शब्दाखाली निरनिराळी पॉलिएस्टर (लांब साखळीसारख्या रेणूंची म्हणजे पॉलिमरची प्लास्टिके) विकली जातात. त्यांपैकी पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड) विघटित व्हायला सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाचे औद्योगिक खतकेंद्र लागते. समुद्रात ते जवळपास तसेच राहते. फ्रान्समध्ये 1926 साली जिवाणूंत सापडलेले पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) हे दुसरे पॉलिएस्टर मात्र समुद्रातले सूक्ष्मजीवही पचवतात, अर्थात जाड वस्तूला वेळ लागतोच.

पीएचबीचे दुखणे वेगळे. जिवाणूच्या पेशीतले त्याचे कण अस्फटिकी, म्हणजे रेणूंची नियमित मांडणी नसलेले, असतात. बाहेर काढल्यावर रेणूंच्या साखळ्या मळसूत्री वळणाने घट्ट रचल्या जातात आणि निम्म्याहून अधिक भाग स्फटिक होतो. साच्यातून निघाल्यावरही ही रचना चालूच राहते. म्हणून नवा असताना वाकणारा चमचा काही आठवड्यांनी कटकन मोडतो. शिवाय वितळणबिंदू सुमारे 175 अंश, आणि 200 च्या आसपास साखळ्याच तुटू लागतात. साचा चालवणाऱ्याने चुकायचे तरी कुठे? साखळीत व्हॅलरेट नावाचा दुसरा घटक गुंफल्यास दोन्ही अडचणी कमी होतात, किंमत वाढते.

सक्ती करायचीच तर वेष्टनावर पॉलिमरचे नाव छापण्याची करा. हिरवे पान छापणे कुणालाही जमते.

– एक पॉलिमर अभ्यासक, फोंडा